स्वयंपाकघरातला सेन्सर सापडला

तायडे,

सकाळी सांगितलंस तशी धुराच्या अलार्मची पेटी हॉलमधून स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. तरी पेटीला आतल्या सेन्सरचा पत्ता लागेना. स्टुलावर चढून पाहिलं तर छताला नुसती बैठक. सेन्सर पिठाच्या पत्र्याच्या डब्यात होता, तुझ्या लहानपणीच्या दुपट्यात गुंडाळलेला. झाकण घट्ट. त्यातून पेटीला निरोप कसा पोचणार?

तुझी आई म्हणाली, "हळू बोला हो, आत्ताच डोळा लागलाय तिचा. सारखी किंचाळत होती."

तिच्या मागे गॅसवर रिकामं पातेलं जळत होतं. मी ओरडलो, "अगं, धूर झालाय!"

"मग खिडकी उघडा की! मला पोरीला बघू दे."

पेटी गप्पच होती. मी पाणी आणायला खाली गेलो असतो, तर?

तू म्हणत होतीस त्या वृद्धाश्रमात आईला घेऊन जातोय. तुझ्याशी इतका भांडलो, पण आता माझ्याच्यानं होत नाही. फिरायला जाऊ म्हटलंय. चपला घालून दारात उभी आहे, खुशीत.

सेन्सर परत वर बसवलाय. तू आल्यावर बटण दाबून तपास. घरात दचकायला कोणी नाही, हवा तेवढा वाजू दे.

बाबा