रामेश्वराहून आलेली पाहुणी

बजाजनगर, बुधवार

तीर्थस्वरूप कडूबा दाजींस शिवशंकरचा नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण सध्या सातच अंगं धड आहेत.)

तुमचा दमा कसा आहे? अक्काचे गुडघे? म्हैस व्याली का? फोन केला असता, पण तुम्ही स्पीकर लावता आणि अक्का शेजारीच बसलेली असते. म्हणून हे पत्र पिशोरच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देतोय. वाचून चुलीत घाला.

अक्काला गुडघ्यांमुळं रामेश्वराला जाता येईना, म्हणून तिच्या वाट्याची यात्रा मी अनवाणी केली, हे तुम्ही जाणताच. चपला तुमच्याच उंबऱ्याशी काढल्या होत्या. (यात्रेच्या सांगतेचं मावंदं होईपर्यंत घालायच्या नाहीत, हा नेम तिचाच.) दर्शन चांगलं झालं, डोळे भरून आले. नंतर समुद्रकाठच्या ओल्या वाळूत पाय रोवून जप करत बसलो. आसपास कुत्री झोपली होती. मला वाटलं, किती शांत जागा आहे.

घरी आल्यावर डाव्या तळव्याला खाज सुटली. मग एक तांबडी रेघ उमटली आणि ती चालायला लागली. रोज बोटभर पुढं, आपल्या शेताकडच्या पांदीसारखी वळणं घेत. शेजारच्या मंजुळाबाई म्हणाल्या, "भाऊ, ही नागीण व्हय. दोन्ही टोकं जुळली की माणूस गेला!" आणि गेरू थापून निघून गेल्या. रत्नमाला कपाळाच्या कुंकवाला हात लावून रडायला लागली. मी मात्र रोज पूजा झाली की टोकांमधलं अंतर पाहत बसायचो. देवाचं नाव घेताना एवढं ध्यान कधी लागलं नव्हतं.

शेवटी शहरात कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. गेरू धुण्यातच निम्मी तपासणी गेली. रेघ दिसल्यावर बाई एकदम खूश झाल्या. शिकाऊ डॉक्टरांना हाका मारल्या, सगळ्यांनी वाकून माझ्या पायाचे फोटो काढले. (यात्रेहून आल्यावर माझ्या पायाशी वाकलेली ही पहिली माणसं.) म्हणाल्या, ही कुत्र्यांची अळी आहे, वाळूतून तुमच्या पायात शिरली. माणसाच्या अंगात तिला पुढं वाट सापडत नाही. कातडीखाली भटकत राहते आणि तशीच मरते. गोळी घ्या, लवकर सुटाल.

दाजी, तेव्हापासून मन उदास आहे. लहानपणी शेणामातीतून अनवाणी शाळेत गेलो, काही झालं नाही. देवाच्या दारी गेलो आणि हे घेऊन आलो. आणि खरं सांगू? मला तिचीही कीव येते. चुकून भलत्याच घरी आली, आता वळणावर वळणं घेत बाहेरची वाट शोधतेय. गाव सोडून कंपनीत लागल्यापासून मी तरी इथं दुसरं काय केलं?

पण मुद्दा रविवारच्या मावंद्याचा आहे. अक्का परातीत माझे पाय धुणार आणि ते पाणी तीर्थ म्हणून पिणार. याच दिवसावर तिचा जीव लागलाय. धुऊ नको म्हणालो तर यात्रा रुजू झाली नाही म्हणून ती झुरेल, आणि गप्प बसलो तर मी झुरेन. तेव्हा काहीतरी कारण काढून तुम्हीच मावंदं पुढं ढकला. तुमचा दमा चालेल.

आपला,
शिवशंकर

ता. क. माझ्या चपला कंडक्टरजवळ पाठवून द्या. डॉक्टरीणबाई अनवाणी फिरू नका म्हणाल्यात. नेमाचं काय ते देव बघेल.

आणखी एक. पाकीट चिकटवणार तेवढ्यात अक्काचा फोन आला. रत्नमालेनं तिला कालच सगळं सांगून टाकलं होतं. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "आरं, मला तर जाता आलं नाय तिकडं. तिकडून कुणी आपल्या दारी आलंय, तर त्याला मारून टाकतो व्हय? पाणी नाय पिणार मी, आळूच्या बुडाशी वतीन. पण रविवारपर्यंत गोळी खाऊ नको. हळदीकुंकू तरी लावू दे तिला."

तेव्हा दमा राहू द्या. चपलाही उंबऱ्याशीच असू द्या. गोळी देव्हाऱ्यात ठेवलीय. रविवारी पहिल्या गाडीनं आम्ही दोघं येतो. रत्नमाला दुपारी येईल.