घराबाहेर न गेलेली गोष्ट

अहो,

दादा न्यायला आलाय, मी हॉस्पिटलला निघाले. छातीतली गाठ उद्या काढणार आहेत. जेवण झाकून ठेवलंय. तुमचं ते एआय चालू असताना गीझर लावू नका, फ्यूज उडतो. मी अख्खी थंडी गार पाण्याने अंघोळ केली, ती त्याच्याचसाठी.

गाठीचं सांगायला कितीदा तरी तुमच्या खोलीत आले. दर वेळी स्क्रीनवरची नजर न काढता "थांब गं जरा" म्हणालात. तुम्हीच सांगता ना, हे एआय नेटवर नाही, आपल्याच कॉम्प्युटरमध्ये चालतं, बोललेलं घराबाहेर जात नाही? मग शेवटी त्यालाच सांगितलं. त्याने लगेच विचारलं, "कधीपासून दुखतंय? घरात कुणाला सांगितलंत का?"

मी लिहिलं, मी एकटीच राहते.