विग सोडला

नांदेड, १ डिसेंबर २०२५

प्रिय आलोक,

सप्रेम नमस्कार मागून. आधी हे: विग सोडला त्याने, भर सभेत. वीस वर्षं विगमध्ये काढली आणि एका दुपारी हजार माणसांसमोर सांगून टाकलं की आता पुरे. ओहायोचा तो जुना वकील, ज्याचं चरित्र मी मराठीत आणते आहे. तो कज्जे हरला, निवडणुका हरला, तोवर मला झोप येत होती. इथे मात्र मी त्याच्या प्रेमात पडले. सवयीची गोष्ट अशी सोडायला छाती लागते. तुम्हीही वकील आहात. तुमच्याने झालं असतं का?

साखरपुड्याला बारा दिवस राहिले. फोनवर तुम्ही हो म्हणायचं तेवढं नुसतं हाव-हाव करता, म्हणून पत्रच लिहा. खरं काय ते लिहा.

लोभ आहे, वाढवायचा की नाही ते उत्तरावर.

सौदामिनी

लातूर, ४ डिसेंबर

प्रिय सौदामिनी,

सप्रेम नमस्कार. पत्र कोर्टाच्या पायरीवर उभ्याने वाचलं आणि पुढची तारीख घेऊन घरी आलो. तुम्हाला कुणी सांगितलं? व्यंकटच असणार. माझ्या या चुलतभावाच्या पोटात काही राहत नाही.

होय, मीही विग लावतो. सत्ताविसाव्या वर्षापासून. बघायला आलो तेव्हा सर्दीचं सांगून तुमच्याकडचा पंखा बंद करायला लावला. सर्दी नव्हती. आई म्हणते, अक्षता पडेपर्यंत कळू द्यायचं न्हाई. व्यंकट म्हणतो, गोंद लई पक्का हाय. पण त्या वकिलाने हजारांसमोर केलं ते मला एकीसमोर जमू नये, याची लाज वाटली.

साखरपुडा मोडायचा तर कळवा. वाईट वाटेल, दोष देणार नाही.

लोभ असावा, हे आज खरोखर विचारतो आहे.

आलोक

नांदेड, ८ डिसेंबर

प्रिय आलोक,

नमस्कार. मला ग्रंथालयातून बाहेर काढलं. हसू थांबेना. अहो, विग हा अमेरिकेतला राजकीय पक्ष होता. त्याने पक्ष सोडला. केस शेवटपर्यंत होते, पुस्तकात फोटो आहे.

व्यंकट निर्दोष आहे. त्याची माफी मागा.

मला विचाराल तर पक्ष सोडणं सोपं. साखरपुडा होणार. पण तुमचं डोकं मला आधी बघायचं आहे. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही, उद्या पहिल्या बसने घेऊन येते. फोनवर एवढंच सांगितलं की दहाला स्टँडवर विग न लावता या. तुम्ही हाव म्हणालात.

लोभ वाढला.

सौदामिनी

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरच्या स्टँडवर सौदामिनीने दोन अनोळखी टकल्या माणसांना आलोक म्हणून हाक मारली. पत्र तिसऱ्याला दिलं.