अच्छनशेजारची जागा

प्रिय चेट्टन,

तिकडे कुवेतमध्ये बसून तू दर वेळी या धाकट्या बहिणीला विचारतोस, "पुलाचं काय झालं गं?" आणि मी "चाललंय" म्हणून वेळ मारून नेते. आज सगळं लिहिते. कालव्यावरचा जुना पूल इतका खचलाय की सायकलीसुद्धा बंद केल्या. पलीकडच्या रमणीला कळा सुरू झाल्या, तिला होडीतून न्यावं लागलं आणि बाळ होडीतच झालं. नव्या पुलाच्या पायासाठी माती तपासायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा अम्मा गावभर मिरवत होती.

पहिलं भोक जुन्या पुलाशेजारी घेतलं. वरचा चिखल नुसता दह्यासारखा. मग एकदम घणाचे घाव पडताहेत आणि नळी तसूभर सरकेना. यंत्रावरचा वर्गीस ओरडला, "खडक लागला, मॅडम! काम फत्ते, बिर्याणी काढा आता!" तो डोंगराकडचा, त्याला काय ठाऊक. आपल्या गाळाच्या कुट्टनाडात खडक कुठला? गाडलं गेलेलं जुनाट झाड होतं ते, कोळशासारखं काळं. अशाच एका खोडाला खडक समजून जुना पूल बांधला, म्हणून तर तो खचला. खोड फोडून खाली गेलो, तर पुन्हा चिखल, यंत्राचे दांडे संपेपर्यंत चिखल. म्हणजे पूल बाजूला सरकवणं आलं. एका अंगाला चर्च आणि त्याची दफनभूमी. दुसऱ्या अंगाला आपलं अंगण.

अंगणाच्या दक्षिण कोपऱ्यात, अच्छनना तू मुलगा म्हणून अग्नी दिलास आणि त्या जागी नारळाचं रोप लावलंस ना, तिथे पुलाचा पाया पेलेल असा वाळूचा घट्ट थर लागला. अम्मा सगळ्यांसाठी कप्प्याचे उकडलेले कंद आणि माशाचं कालवण घेऊन आली. वर्गीसला म्हणाली, "खा रे, नुसता काडी झालायस. आणि खोदा हवं तिथं, नारळाशेजारची माझी जागा तेवढी सोडा. म्हातारा एकटा पडलाय, बायको कुठं अडकली म्हणून कुरकुरत असेल." सगळे हसले. मीही हसले. त्याच जागेतली वाळू तेव्हा माझ्या मुठीत होती.

जुन्या जागीच खडक लागला असं लिहिलं, तर घर वाचेल आणि नवा पूलही खचेल. काम दुसऱ्याला दिलं, तरी तो इथेच येऊन थांबेल. माती कुणाची भीड धरत नाही. खरं लिहिलं, तर घर, अंगण, नारळ सगळंच जाईल. कुठून सुटू? अम्मा समोर बसवून वाढते आणि मी ताटात बघत जेवते. राग येतो रे, मातीचा, पुलाचा, माझ्या शिक्षणाचासुद्धा.

पण तुझा सल्ला मागायला हे पत्र नाही. आज सकाळीच मी खरा अहवाल सही करून पाठवला. फोन केला असता तर तू "थांब" म्हणाला असतास आणि मी थांबले असते, म्हणून लिहितेय. अम्माला मात्र मी सांगू शकत नाही. तोंड उघडते आणि भलतंच काहीतरी बोलते. उद्या तिला अग्नी द्यायचा तो तूच देणार. तो अच्छनशेजारी देता येणार नाही, हे तूच येऊन तिला सांग.

तुझीच,
श्रीकला