पाचव्या टप्प्यातला आवाज

ता. १४, रविवार

बारक्या,

नाही म्हणजे नाही, सगळं माझंच चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही. महिनाभर फोन केला नाही म्हणून तू मला शेफारलेला म्हणालास. म्हण. पण आईला मी फोटो पाठवला होता आणि त्यावर काय उत्तर आलं ते तुला माहीत नाही. ते पुढे लिहितो. मी ठीक. तुम्ही सगळे ठीक असाल असं लिहायची पद्धत आहे, पण हात पुढे सरकेना. फोनवर बोलावं तर तुमच्याकडे हल्ली सदा स्पीकर चालू, म्हणून कागद घेतला. माझं अक्षर कसं ते तुला ठाऊकच आहे, लावून घे.

तू स्वतः बनवलेला मोबाइलवरचा खेळ पाठवलास आणि म्हणालास, दादा, लाड न करता दहापैकी गुण दे. छत्रीवाला बेडूक बघून आधी हसूच आलं. लहानपणी टीव्हीला जोडायच्या त्या खेळात हाच बेडूक घेऊन आई गॅसवरचं करपवून शेवटच्या किल्ल्यापर्यंत जायची आणि आपण तिच्या खांद्याला लोंबकळून भांडायचो, आता माझी पाळी, आता माझी पाळी. तोच बेडूक घेऊन तू आपलं घर उभं केलंस. जिना, मागचं दार, मोरी, सगळं. जाड्याला दाखवलं. जाड्या म्हणजे माझ्या शेजारच्या खाटेवरचा, आमच्याच लॉन्ड्रीत घड्या घालतो. माझा भाऊ, म्हणून छाती फुगवून सांगितलं.

पहिला टप्पा झकास. दुसऱ्यात कडेकडेने धुकं. तिसऱ्यात बेडकाभोवती ताटाएवढं दिसतं, चौथ्यात नाण्याएवढं. पाचव्यात सगळं काळं. मला वाटलं फोन गेला. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे नेला, तर तो म्हणाला फोन ठणठणीत आहे, खेळ बनवणाऱ्याचं डोकं तपासून घ्या. मी तुला शिव्या द्यायच्याच तयारीत होतो.

तेवढ्यात जाड्याने कानात वायर घातली, डोळे मिटले आणि पठ्ठ्या चालायला लागला. डाव्या कानात थेंब पडला की डावीकडे खड्डा, दार करकरलं की वर फळी. मला म्हणाला, हा कानाने खेळायचा आहे, तू डोळे फाडून काय बसलास? मग विचारलं, तुझ्या घरी कुणाला दिसत नाही का? मी त्याला झापला. आमच्या घरी सगळ्यांना दिसतं, आमची आई सुईत दोरा ओवते, म्हटलं.

मग वायर मी घातली. थेंब आपल्या मोरीतल्या नळाचा. दार मागचं, निघताना मी तेल घातलं होतं तरी करकरतंच. मजा वाटली. शेवटी बेडूक दाराशी पोचला आणि थांबला. नुसता नळ गळतोय. आणि त्या नळाच्या मागे, अगदी बारीक, आई.

"दिवा लावलायस का रे?"

आणि तू. "लावलाय, आई."

पुढे फक्त नळ.

तेवढं कापायचं तू विसरलास. नळाचा आवाज भरून घेतलास आणि हे आत राहून गेलं. मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. जाड्या काय झालं म्हणून विचारत होता. वायर कानातच ठेवून बसलो, खेळ कधीच बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी कामावर चादरी वाकड्या जाऊ लागल्या, मुकादम ओरडत होता म्हणे. मला त्याचे फक्त ओठ दिसले.

ते ताट, ते नाणं, हे तू तिला विचारून विचारून काढलंस ना? आता ती कुठल्या टप्प्यावर आहे? डॉक्टर काय म्हणतो? मला सांगू नका असं तिनेच बजावलं असणार, पण एवढं तरी लिही. चौथ्यावर असेल तर नाण्याएवढ्या जागेत माणसाचं तोंड मावतं, जरा लांब उभं राहिलं तर.

आता फोटोचं. त्यात माझ्या डाव्या हाताला ही एवढी पट्टी होती. इस्त्रीच्या रोलरमध्ये चादर सरळ करताना हात ओढला गेला होता. अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्हींचं वरचं पेर गेलं. सांगायला तोंड उघडेना, म्हटलं फोटो पाठवू, आई आपणहून विचारेल. तिने उत्तर बोलून पाठवलं, "छान आलाय रे फोटो राजा. अंगाने भरलायस, असाच राहा." मी फोन उलटा टाकला आणि फुगून बसलो. एवढी पट्टी हिला दिसू नये?

दिसलीच नाही रे तिला. अंदाजाने बोलली.

हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. फोटोत काय आहे तेही सांगू नकोस. हात मी तिच्या हातात देईन, तिचं ती समजेल.

खेळात चुका दोनच. उडीची कळ डावीकडे आहे, ती उजवीकडे घ्यायची सोय ठेव. आणि जिन्याला कठडा नाही म्हणून बेडूक तिथेच पडतो. आपल्या खऱ्या जिन्यालाही नाही. तो आधी बसवून घे. गुण मी देणार नाही, ते तिने द्यायचे.

तुझा,
न विचारता रुसलेला दादा

कठड्यासाठी पाठवतोय. नेहमीपेक्षा कमी आहेत, बाकीचे तिकिटात गेले. चार हजार.