लंबू मी काढला नाही

प्रिय लॅची,

परवा तू फोन ठेवलास तेव्हापासून तुझं एक वाक्य माझ्या डोक्यात घोळतंय. तुझी टॅमसिन छोट्या एडीला घेऊन पोर्ट पिरीला आईकडे निघून गेली त्याला तीन आठवडे झाले, आणि तू खाणीवरच्या खोलीत बसून मलाच ऐकवतोस, "ज्याच्या बापाने वाळवंटाच्या जमिनीवर एकट्याने चार किलोमीटरचा माणूस काढला आणि कुणाला जाब दिला नाही, त्याचा पोरगा सासूच्या दारात नाक घासायला जाणार नाही!" त्याचं उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहायला बसलोय. शेवटचं पत्र रुबीला, तुझ्या आईला, लिहिलं होतं, लग्नाआधी. त्यातही निम्मं हवापाण्याबद्दलच होतं.

इकडे बाकी ठीक आहे. माशा आहेत, धूळ आहे, पबमधला पंखा अजून कुरकुरतोय. जमिनीत खरवडलेल्या त्या माणसाच्या, आपल्या लंबूच्या, डाव्या पायाची रेघ वाऱ्याने बुजत चाललीय. गेल्या आठवड्यात विमानातून त्याला बघायला आलेल्या एका बाईंनी मला पबात गाठलं, माझ्याबरोबर फोटो काढला आणि वर विचारलं, "खरं सांगा ना, का काढलात?" मी नेहमीसारखा मिशीत हसलो. सत्तावीस वर्षं मी हेच करत आलोय. हो कधी म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तोंडात गुळणी धरून बसलो. गावाने काय ते समजून घेतलं.

लॅची, लंबू मी काढला नाही. कुणी काढला ते देवाशप्पथ मला ठाऊक नाही.

झालं असं. लंबू पहिल्यांदा दिसला त्या वर्षी तुझ्या आईचे वडील वारले. तू दीड वर्षाचा होतास. दफन शुक्रवारी पोर्ट ऑगस्टाला, आणि शनिवारी आपल्या गावच्या घोड्यांच्या शर्यती. ग्रेडर यंत्र फिरवून मैदान सपाट करायचं काम माझं. रुबीला म्हटलं, "तू हो पुढे, मी मैदान उरकून येतो." आणि गेलोच नाही. मैदान काचेसारखं झालं होतं, सगळ्यांनी पाठ थोपटली. इकडे एवढ्या मोठ्या उंटवाल्या अफगाण घराण्यातल्या माणसाच्या मातीला त्याचा एकुलता एक जावई नाही! रुबी तिथून परतलीच नाही. मी आठवडाभर ताठ बसलो. मग एके सकाळी ग्रेडर माळावरच्या तळावर सोडला आणि कुणाला न सांगता गाडी काढली.

तुझी झोहरा आजी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आता आलास? मैदान उरकलं वाटतं." आत काही घेतलं नाही. मी अंगणात, गाडीतच झोपायचो. सकाळी ती खिडकीतून एकेक काम फेकायची. "खजुराच्या वाळक्या झावळ्या कोण काढणार, माझा नवरा?" "सांडपाण्याचा चर बुजलाय, नुसता बघत काय बसलास?" झावळ्यांच्या काट्यांनी हात सोलून निघाले, चर खणताना फोड आले. जेवण पायरीवर मिळायचं, आणि खोटं कशाला बोलू, फार चविष्ट असायचं. रुबी मात्र एक शब्द बोलत नव्हती. तू तेवढा दुडुदुडु यायचास आणि माझ्या बुटाची नाडी चोखत बसायचास.

बाराव्या दिवशी मी फावडं घेऊन कबरस्तानात गेलो. फाटकापासून सासऱ्यांच्या कबरीपर्यंत पायवाट खड्ड्यांची होती. दिवसभर ती हाताने सारखी केली, पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतार दिला. मग तिथेच बसून रडलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळी रुबी आली, वाट चालून बघितली आणि म्हणाली, "डावीकडे उतार जास्त झालाय." बारा दिवसांतले तिचे पहिले शब्द! माझ्या कामाला त्याहून मोठं बक्षीस मिळालेलं नाही. आणि उतार खरंच जास्त झाला होता.

तुम्हा दोघांना घेऊन गावात शिरतो तर पबसमोर ही गर्दी. टपालाच्या विमानवाल्याने त्याच सकाळी लंबूला वरून पाहिलं होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. ग्रेडर माळावर, बारा दिवस माझा पत्ता नाही, हाताला फोड! ग्रेडर चालवणाऱ्याच्या हाताला असे फोड येत नाहीत, एवढंही त्या शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही. इथली आदिवासी म्हातारी मेव्हिस, जिच्या माणसांची मुळात ती जमीन, ती तेवढी फणकारली, "आमच्यातलं कुणी असं न विचारता जमीन खरवडत नाही." बाकीच्यांनी मला खांद्यावर घ्यायचं काय ते बाकी ठेवलं. सासूच्या दारी राबलो म्हणून सांगितलं असतं, तर जन्मभर माझी टर उडाली असती. मी गप्प बसलो. रुबीने मला कधी उघडं पाडलं नाही. फक्त कुणी लंबूचं कौतुक केलं की ती पदार्थ करपल्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात जायची आणि तिथे पोट धरून हसायची. ती गेल्यापासून त्या हसण्याची फार आठवण येते.

काल पबात मी सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. "हो तर, सासूकडे होतास!" म्हणून उलट मलाच बिअर पाजली. त्यांचं राहू दे. तुझा बसला म्हणजे पुरे, कारण हे फक्त तुझ्यासाठी सांगतोय. एडीच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनला तू गेला नाहीस, जादा पाळी घेतलीस. चुकलास, बाळा. अगदी बापासारखा चुकलास, तर पुढचंही बापासारखंच कर. शनिवारी तुला सुट्टी आहे, मी चौकशी केलीय. पांघरूण घेऊन जा, गाडीत फार गारठतं. आणि आज सकाळी मी तुझ्या सासूबाईंना फोन केला होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं, तुझं नाव दोघांनीही काढलं नाही. फोन ठेवता ठेवता त्या आपणहून म्हणाल्या, छपराची पन्हळ तुंबलीय आणि शिडी अंगणातच ठेवलीय.

तुझाच,
बाबा