टोप्या घातलेली अक्षरं

रत्नागिरी, ९ सप्टेंबर २००७, रविवार

सकाळी ह्यांच्या शाळेतल्या सुर्वेबाई आल्या. व्हायरसने बेजार झालेला ह्यांचा कॉम्प्युटर सगळा पुसून त्यांनी विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स घातलं. मी विचारलं, "फुकट म्हणजे काही जाणार नाही ना?"

"वैनी, फाइली सीडीवर घेतल्यात. फारच वाटत असेल तर चार बांगडे द्या!"

जेवणानंतर ह्यांचं पत्र उघडलं. ऑपरेशनसाठी मुंबईला जायच्या आदल्या दिवशी माझ्यासाठी टाइप केलेलं. मराठीचा पत्ता नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, काही टोप्या घातलेली, काही ठिपकेवाली. लगेच बाईंना फोन केला.

"मराठी अक्षरं दाखवणारा फॉन्ट घ्यायचा राहिला बहुतेक. उद्या शाळेतून आणते. मजकूर आहे तसाच आहे हो."

आणि त्या फॉन्टनेही मराठी नाही दिसलं तर? हे त्या ऑपरेशनात गेले, त्यानंतर पत्र एकदाच वाचलं, पुन्हा धीर झाला नाही. वाटायचं, आहे ना तिथे. आता पहिली ओळसुद्धा आठवत नाही. छापून का नाही घेतलं मी?

उद्यापर्यंत ही अक्षरंही गेली तर? दिवेलागणीपासून वहीत उतरवून घेते आहे. टोपीवालं टोपीसकट, ठिपकेवालं ठिपक्यासकट. तीन ओळी झाल्या.